भुऱ्याच्या पोटातलं

सकाळी भुऱ्या तिसऱ्यांदा ओकला आणि दारातच आडवा झाला, तेव्हा सोमनाथने शेजारच्या पुंजारामचं नाव घेतलं. कुत्रं भुंकतं म्हणून पुंजाराम महिनाभर कुरकुरत होता. विष त्यानेच घातलं असणार.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त घेतलं, सलाइन लावलं आणि भुऱ्याने काय खाल्लं ते विचारलं. पोळी आणि दूध, सोमनाथ म्हणाला. तेवढंच, असं त्याची बायको तनुजाही म्हणाली. आई लक्ष्मीबाईंना कोणी विचारलंच नाही. सोमनाथने शेंद्रा एमआयडीसीतल्या आपल्या कंपनीबाहेरून ते पिल्लू उचलून आणलं, त्या दिवसापासून दोन वर्षं त्या एकच सांगत होत्या, हे कुत्रं घरात नको.

संध्याकाळी सोमनाथने पुंजारामची गचांडी धरली. सगळी गल्ली जमली. पुंजारामने पोरांच्या शपथा घेतल्या, तरी उद्या चौकीत लिहून देतो, असं सांगूनच सोमनाथ घरात आला. लक्ष्मीबाईंना घास गिळेना.

दुसऱ्या दिवशी, देवळात जाते म्हणून त्या निघाल्या आणि रिक्षा करून दवाखान्यात आल्या.

"डाक्टरसायब, दुपारी घरात कुणी नसतं," त्या खाली बघत म्हणाल्या. "तवा मी त्याला मनुके देते. लई आवडतात. परवा तर डबाच पुढं ठिवला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या किडनीला विषासारखे असतात, त्यांनी सांगितलं.

"काल तुमच्या सूनबाई येऊन गेल्या. रोज चॉकलेट देत होत्या. तासाभरापूर्वी मुलगा आला, तो कांदाभजी घालत होता. दोघंही म्हणाले, घरी कळू देऊ नका. तेही दोन्ही कुत्र्याला बाधतं, पण लघवी का थांबली, ते त्यातून मला कळत नव्हतं. आता कळलं."

"जगंल का?"

"लघवी झाली तर. नाहीतर अवघड आहे, आजी."

लक्ष्मीबाई परतल्या तेव्हा सोमनाथ अर्ज खिशात घालून दारात चपला घालत होता. त्या घरात न जाता पुंजारामच्या ओट्यापुढे उभ्या राहिल्या.

"पुंजाराम, जहर तू नाय घातलं. मी घातलं," सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या. "लाडानं घातलं."

सोमनाथने चपला परत काढल्या. भज्यांचं तो बोलला नाही. तनुजाही गप्प राहिली आणि लक्ष्मीबाईंनीही त्या दोघांचं काही काढलं नाही. पुंजाराम मात्र सोमनाथकडे बघत आपली काल फाटलेली कॉलर चाचपत राहिला.

पुढचे दोन दिवस लक्ष्मीबाई दवाखान्यातून हलल्या नाहीत. भुऱ्या त्यांच्या मांडीवर डोकं टाकून पडून असे. सलाइनच्या बाटल्या बदलत होत्या, डॉक्टर पोट दाबून बघत आणि मान हलवत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोमनाथला बाजूला घेऊन, मनाची तयारी ठेवा, असंही सांगितलं. तो बाहेर जाऊन रडून आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मीबाईंच्या मांडीला ऊब लागली. बघता बघता लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. तनुजा फडकं घेऊन धावली.

"थांब," लक्ष्मीबाईंनी तिचा हात अडवला. "त्याचं पुरतं होऊ दे."