भाऊंच्या ब्रशाची खातरजमा

भाऊंच्या दाढीच्या ब्रशाला केस आहेत, याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. ते केस कशाचे आहेत, हा प्रश्न मात्र त्या सोमवारपर्यंत कोणी उपस्थित केला नव्हता. भाऊ म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक, कारागीर आणि केर काढणारे. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि हा ब्रश, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता आणि बरा चालला होता.

सोमवारी खुर्चीत अभ्यासू बसले होते. अभ्यासू हे त्यांचं बाजारानं ठेवलेलं नाव. फोनवर एखादा लेख वाचायचा आणि भेटेल त्याला तो ऐकवायचा, हा त्यांचा शिरस्ता. यावेळचा लेख दाढीच्या ब्रशांवर होता. अर्ध्या गालाला फेस लागलेला असताना त्यांनी भाऊंचा हात धरला.

"भाऊ, थांबा. हा ब्रश नैसर्गिक की कृत्रिम?"

"दाढीचा आहे," भाऊ म्हणाले.

"ते दिसतंय हो. केस कशाचे?"

"आता ते मी कसं सांगणार? आणला तेव्हा लागलेलेच होते."

बाकावर औषधांचे दुकानदार आणि बँकेतले कॅशियर बसले होते. दोघांनीही कान टवकारले. दुकानदार म्हणाले, यात विचारायचं काय, ब्रश नैसर्गिकच आहे. पाणी कसं धरून ठेवतो बघा. कृत्रिम केसांनी दाढी करणं म्हणजे झाडूनं तोंड पुसणं. कॅशियर म्हणाले, अजिबात नाही, ब्रश शंभर टक्के कृत्रिम आहे, म्हणूनच इतका लवकर वाळतो. एका मुक्या जनावराचे केस स्वतःच्या थोबाडावर फिरवून घ्यायला माणसाला लाज वाटली पाहिजे. दोघंही गेली कित्येक वर्षं याच ब्रशानं दाढी करून घेत होते, आणि आपण आपल्या तत्त्वांना धरून आहोत याचं दोघांनाही समाधान होतं.

बोलता बोलता आवाज चढले. दुकानदारांनी कॅशियरना प्लास्टिक म्हटलं, कॅशियरनी दुकानदारांना खाटीक म्हटलं. अभ्यासूंच्या गालावरचा फेस वाळून त्याची पापडी झाली. ते शांतपणे म्हणाले, "भांडू नका. आपण विज्ञानाच्या काळात राहतो. मी रीतसर विचारणा करतो." आणि त्यांनी खुर्चीत बसल्याबसल्याच फोनवरून व्यक्तिगत स्वच्छता साधने वर्गीकरण कार्यालयाकडे तक्रार नोंदवली.

असं एक कार्यालय आपल्या गावात आहे, हे गावाला माहीत नव्हतं. कार्यालयालाही आपल्याकडे काही काम आहे, हे माहीत नव्हतं. स्थापनेपासूनची ती पहिलीच तक्रार. तिथं आनंदीआनंद झाला. दुपारी भाऊ जेवायला बसायच्या बेतात असताना निरीक्षक दारात उभे राहिले.

निरीक्षक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आरशात भांग सारखा केला आणि मगच ब्रश हातात घेतला.

"नैसर्गिक असेल तर प्राणिमूलक परवाना लागतो," ते म्हणाले. "कृत्रिम असेल तर रसायनमूलक. तुमच्याकडे कोणता आहे?"

"सलूनचा आहे, साहेब. भिंतीवर लावलाय."

"तो खुर्चीचा झाला. ब्रशाचं काय? बरं, प्राणी कोणता होता?"

"साहेब, माझी आणि त्याची गाठ पडली नाही."

"मग कृत्रिम लिहू?"

"लिहा की. तुम्ही म्हणाल ते लिहा, मी सही करतो."

निरीक्षकांचा चेहरा पडला. "भाऊ, असं चालत नाही. तुम्ही कृत्रिम म्हणालात आणि निघाला नैसर्गिक, तर तुम्ही फसवणूक केली. नैसर्गिक म्हणालात आणि निघाला कृत्रिम, तरी केली. माहीत नाही म्हणालात, तर निष्काळजीपणा केला. माझं ऐका, काहीच बोलू नका. ब्रश मी तपासणीला नेतो. तोपर्यंत दुकान बंद. महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र लागलं नाही तर परवाना आपोआप रद्द होतो, त्यात आम्हाला काही करावं लागत नाही."

दुसरा ब्रश विकत आणतो, असं भाऊ म्हणाले. निरीक्षकांनी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं. तक्रार ज्या ब्रशाबद्दल आहे तो सोडून दुसरा वापरणं म्हणजे पुरावा बदलणं, हे त्यांनी समजावून सांगितलं. जाताना शटरला लाखेचं सील ठोकलं आणि चपला घालून निघून गेले.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "अहो, पण मधे त्या ब्रशाला टक्कल पडलं होतं ना? तेव्हा तुम्ही माझ्या कपड्यांच्या ब्रशाचे केस उपटून त्यात चिकटवले होते," ती म्हणाली. ही गोष्ट भाऊ स्वतः विसरले होते. ब्रश एकाच वेळी दोन्ही निघाला तर कोणता परवाना लागेल, हे त्यांना कोणाला विचारायचंही धाडस होईना.

तपासणीची पद्धत सोपी होती. एक केस चिमट्यात धरायचा आणि जाळायचा. केसासारखा वास आला तर नैसर्गिक, वितळून गोळी झाली तर कृत्रिम. पहिला केस जळला, वास आला, आणि तपासनीसानं 'नैसर्गिक' असं लिहायला पेन उघडलं. पण एका केसावरून निष्कर्ष काढणं हा बाकीच्या केसांवर अन्याय आहे, असं त्याच्या साहेबांना वाटलं. दुसरा केस साहेबांनी जाळला. त्यांना सर्दी होती, वास आला नाही. तिसरा त्यांच्यावरच्या साहेबांसमोर जाळला. तो वितळला.

मिश्र ब्रशासाठी नियमात तरतूद नव्हती. कोणी म्हणालं, नियम दुरुस्त करू. त्यावर वरच्या साहेबांनी असं सांगितलं की नियम संपूर्ण राज्यासाठी असतो, ब्रश एका माणसाचा असतो, तेव्हा दोघांपैकी काय बदलायचं ते उघड आहे. शेवटी बहुमतानं ठरवायचं असं ठरलं. एकेक केस उपटून जाळायचा आणि फळ्यावर खूण करायची. हे काम अत्यंत निःपक्षपणे झालं. मधल्या काळात दोन्ही बाजू बरोबरीत आल्या तेव्हा कर्मचाऱ्यांनी चहासुद्धा उभ्यानंच घेतला. अखेर शेवटच्या केसानं नैसर्गिकच्या बाजूनं कौल दिला आणि एका मताच्या फरकानं निकाल लागला.

महिनाअखेरच्या दिवशी भाऊंना बोलावणं आलं. त्यांच्या हातात सोनेरी काठाचं प्रमाणपत्र आणि पाकीट ठेवण्यात आलं. 'सदर ब्रश पूर्णतः नैसर्गिक केसांचा असून दर्जा उत्तम आहे.' भाऊंनी प्रमाणपत्र कपाळाला लावून नमस्कार केला आणि पाकीट उघडलं. आत दांडा होता.

"साहेब," ते चाचरत म्हणाले, "केस?"

"तपासले," तपासनीस म्हणाला.

"ते कळलं. पण आता दाढी कशानं करू?"

"ब्रशानं. याच ब्रशानं. आता तो प्रमाणित आहे. दुसरा आणलात तर त्याची तपासणी नव्यानं करावी लागेल." त्यानं आवाज खाली आणला. "आणि भाऊ, केस नाहीत असं बाहेर म्हणू नका. म्हणजे प्रमाणपत्र खोटं आहे असं तुम्ही म्हटल्यासारखं होईल. मग दुकान उघडणार कसं?"

दुसऱ्या दिवशी सील निघालं. भाऊंनी प्रमाणपत्र आरशाच्या वर टांगलं, साबण तळहातावर घोळला, फेस गुपचूप गालावर फासला आणि वरून दांडा फिरवला. पहिला मान अभ्यासूंचा होता. डोळे मिटून ते म्हणाले, "हा फरक! लेखात अगदी हेच लिहिलं होतं." दुकानदार म्हणाले की केस कसे त्वचेत मुरतात ते आता नीट जाणवतं. कॅशियर दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, दांडा गालावर खरवडत असताना निमूट बसून राहिले आणि उठताना म्हणाले, जनावराची माफी मागून सांगतो, कृत्रिमला ही ऊब नाही. लांबलांबची माणसं येऊ लागली. बाक पुरेना. आठवड्यातून एकदा निरीक्षकही स्वतः येऊन बसत आणि आपल्या कार्यालयाच्या कामगिरीकडे कौतुकानं बघत.

"तुम्ही नुसता दांडा घासता आणि लोक खूश होतात?" बायको म्हणाली.

"मी कुठं घासतो? ते वर टांगलंय ना, तेच घासतं," भाऊ म्हणाले. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मग सासरे आले. मुलीला भेटायला म्हणून चार दिवस राहायला आले होते. ऐकू कमी येतं, म्हणून बोलतात मोठ्यानं. सकाळी भरल्या दुकानात भाऊंनी त्यांना मानानं आधी खुर्चीत बसवलं. नेमके त्या दिवशी निरीक्षक बाकावर होते. फेस लागला, दांडा फिरला, आणि म्हातारा दचकून ताठ बसला.

"जावईबापू! अहो, हे काय करताय? याला केस कुठंयत? दांड्यानं गाल खरवडताय माझा!"

दुकानदारांनी छताकडे पाहिलं, अभ्यासूंनी फोनमध्ये डोकं खुपसलं. निरीक्षक उठले आणि खुर्चीपाशी आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"भाऊ, हे आजोबा काय म्हणताहेत? ब्रशाला केस नाहीत?"

भाऊंनी आरशात पाहिलं. वर प्रमाणपत्र होतं, शेजारी परवाना होता, खाली सासऱ्यांचा फेसाळलेला चेहरा होता आणि गालावर एक लालभडक ओरखडा उमटत होता. या माणसानं आपली मुलगी त्यांना दिली होती, आणि हे सलून टाकताना कोणी उभं करत नव्हतं तेव्हा हाच माणूस त्यांच्या पाठीशी उभा राहिला होता.

"केस आहेत, साहेब," ते म्हणाले. "मामांच्या गालातच दोष आहे."

निरीक्षकांना हायसं वाटलं. "मग काळजी नको. गालाचीही तपासणी होते. नवीनच सोय सुरू केली आहे. आजोबांना आत्ताच घेऊन जातो."

"काय म्हणतायत हे?" सासऱ्यांनी मोठ्यानं विचारलं.

भाऊंनी खाली वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं. तपासणीचं सांगितलं, आणि पद्धत तीच आहे, हेही सांगितलं. चिमटा तोच, ज्योतही तीच.

म्हाताऱ्यानं जावयाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारात त्याची मुलगी जेवणाचा डबा घेऊन उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तो हळूच मागं टेकला आणि डोळे मिटून घेतले.

"मऊ आहे," तो म्हणाला. "माझंच चुकलं, साहेब. फार मऊ आहे."

भाऊंनी दाढी पुरी केली, ओरखड्यावर तुरटी फिरवली. मुलगी डबा ठेवून परत गेली. निरीक्षक पुन्हा बाकावर जाऊन बसले आणि दुकानात पहिल्यासारख्या गप्पा सुरू झाल्या.

तुम्हाला हसू येत असेल तर हसून घ्या. पण खुर्ची आता रिकामी झाली आहे, भाऊंनी टॉवेल झटकला आहे आणि नंबर तुमचा आहे. या, बसा. मान मागं टेका. गाल जरा फुगवा. कसं वाटतंय?

जरा मोठ्यानं बोला, साहेबांना ऐकू गेलं पाहिजे.