पिस्तुलाचा क्लास, दोघांसाठी

अण्णा देसले कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी विचारत, "मागचं दार कुठं हाय?" ते दाखवल्याशिवाय पाण्याच्या तांब्याला हात लावत नसत. एका साखरपुड्यात त्यांनी हे मुलीच्या बापालाच विचारलं. मुलाकडची माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. अण्णा मात्र शांत. "इचारलं तर काय बिघडलं? आधी चौकशी."

"आधी चौकशी" हे त्यांचं पालुपद होतं आणि ते फार जुनं होतं. बैल घ्यायचा म्हणून म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत तीन वर्षं नुसते फिरून आले. चौथ्या वर्षी घेतला, तोवर घरचा म्हातारा बैल मरून गेला होता. छत्री घेताना ती उघडून दुकानाच्या पायरीवर उभे राहत आणि दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावत. बायको तेवढी चौकशी न करता केली, असं ते स्वतःच सांगत. त्यावर काकी आतून म्हणत, "म्हणून तर बरी निघाली."

मागच्या दाराचा प्रश्न मात्र नवीन होता.

मी तेव्हा किन्हवलीच्या शाळेत शिक्षक होतो. अण्णांचं घर गावाबाहेर, शेतात एकटं; माझी भाड्याची खोली तिथून दोन बांध अलीकडे. त्यांना मूलबाळ नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. भातकापणीचे दिवस, भर दुपार, सगळा गाव शेतावर. अण्णांच्या अंगात ताप, म्हणून दोघं घरी होते. चार माणसं आली, पाणी मागितलं, प्यायली आणि अण्णांना ओटीवरच्या खांबाला बांधलं. काकींच्या पाटल्या निघेनात. तेव्हा त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर धरून मनगट मोडलं आणि पाटल्या काढून नेल्या. ती माणसं कधी सापडली नाहीत. हाड जुळलं, पण वाकडं. त्या हातानं काकींना पुढे कधी तवा उचलता आला नाही.

सहा महिन्यांनी अण्णा माझ्याकडे आले.

"मास्तर, अर्ज लिवा. पिस्तुलाचं लायसन पायजे. दोघांच्या नावानं."

"काकींच्याही?"

"मी शेतावर असलो तर? तिला बी चालवता आलं पायजे."

अर्ज लिहिला, गेला. पण हत्याराच्या आधी शिक्षण आणि शिक्षणाच्या आधी चौकशी, हे ओघानं आलंच. नवरा-बायकोला एकत्र शिकवील असा क्लास शोधायचा होता. अण्णांनी वहीच्या पानावर एकवीस प्रश्न लिहून काढले. 'शिकवणाऱ्यावर कधी दरोडा पडला आहे काय?' हा पाचवा. 'डाव्या हाताचे शिकवता काय?' हा पहिला. शहरातल्या माणसांशी बोलायला सोबत हवी, म्हणून मला घेतलं.

पहिल्यांदा गेलो ठाण्याच्या एका रायफल क्लबात. पांढरी टोपी घातलेला तरुण प्रशिक्षक फार सभ्य होता. त्यानं एक डोळा मिटून, श्वास धरून, कागदावरच्या गोलात नेम कसा धरायचा ते दाखवलं. अण्णांनी पान काढलं.

"समोरचा पळत असंल तर?"

"काका, इथे कागद पळत नाही."

"आन आपुनच थरथरत असलो तर?"

परत येताना एस.टी.त काकी म्हणाल्या, "गोल कागदावर मारतात. आपल्याकडं आलेली चारी माणसं उभी व्हती."

"बरोबर," अण्णा म्हणाले आणि क्लबावर काट मारली.

दुसरा क्लास कल्याणजवळ, सुरक्षारक्षक तयार करणाऱ्यांचा. तिथला साहेब खोलीत बसूनही काळा चष्मा घालून होता. बायकांना शिकवत नाही, पण त्या बसून बघू शकतात, असं म्हणाला. अण्णांनी त्याला मागचं दार विचारलं. मागे दारच नव्हतं. "सवताच्या सुटकेची सोय नाय आन दुसऱ्याला शिकवतो," अण्णा जिन्यातच बोलले. काकींनी वर भर घातली, "ज्याची नजर दिसत नाय त्याच्याकडनं नेम काय शिकायचा?"

अशी दोन वर्षं गेली. आम्ही पाच-सहा ठिकाणं पाहिली. प्रत्येक ठिकाणी अण्णांना काही पसंत पडतंय असं वाटलं की काकींना हमखास खोट सापडे. एका ठिकाणी सावली नव्हती. दुसरीकडे शिकवणारा पान खाऊन भिंतीवर थुंकला. मी मनात म्हणायचो, देवानं जोडी बरी जमवली. एक चौकशी करतो, दुसरी मोडता घालते. गावात लोक हसत. मीही शाळेत त्यांच्या नकला करून दाखवायचो, हे कबूल केलं पाहिजे.

मग मुरबाडपलीकडच्या एका खेड्यातल्या निवृत्त सुभेदारांचं नाव कळलं. पाहताक्षणी माणूस पसंत पडावा असे होते. उजव्या खांद्यात गोळी लागलेली, त्यामुळे स्वतः डाव्या हातानंच सगळं करायचे. जोडप्याला एकत्र शिकवायचे. आधी दार, मग आरडाओरड, मग पळायची वाट, पिस्तूल सगळ्यात शेवटी, अशी त्यांची रीत. सुरुवातीला नुसतं लाकडी पिस्तूल. हात बसला की दाखला, आणि मग परवानगी काढून पोलिसांच्या मैदानावर खरी गोळी. अण्णांचे एकवीस प्रश्न संपले आणि पानावर काट मारायला काही उरलं नाही. घराला मागची दारं होती, तीही दोन.

परतीच्या गाडीत अण्णा कितीतरी दिवसांनी हसत होते. काकी खिडकीबाहेर बघत होत्या. सरळगाव आलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांच्या अंगणात कुत्रा हाय."

"कुत्रा आसलेला बराच की," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काकी एकट्या शाळेत आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. वऱ्हांड्याच्या कडेला उभ्या राहून खाली बघत म्हणाल्या, "मास्तर, ह्या सुभेदारात काय तरी खोट काढा. तुमचं ऐकतील ते."

"का, काकी? माणूस चांगला आहे."

"चांगला हाय म्हणून तर."

त्यांनी वाकडं मनगट पदराखाली घेतलं.

"त्या दिवशी त्यांची दोरी मीच सोडली. हात मोडलेला, डाव्या हातानं एकदा वढली आन सुटली. सैल व्हती. त्यांना बी म्हाईत हाय सैल व्हती ते. आन मला म्हाईत हाय, ते बी त्यांना म्हाईत हाय. आमी कधी बोललो नाय."

मी वर्गातली खुर्ची आणून ठेवली, पण काकी बसल्या नाहीत.

"चार जणांफुडं ताप भरल्याला मानूस काय करणार व्हता? मारून टाकला असता. मी देवाचे आभार मानते, गप बसला म्हणून. पन त्यांना ते सांगायचं कसं? दोनदा हिरीच्या काठावरनं आनलंय मी त्यांना, हाताला धरून. हीर निदान लांब हाय, चार पावलं चालायला लागतात. पिस्तूल उशाला आसंल. क्लास शोधतात तवर बरे असतात, मास्तर. जेवतात, झोपतात. म्हणून मी खोट काढते."

घंटा झाली. मुलं वर्गात गेली. त्या डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेल्या. दोन वर्षं मी ज्यांच्या नकला करत होतो ती माणसं कोण होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मला सुभेदारांत खोट काढता आली नाही. मी सरळ त्यांच्या गावी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाकडावरच ठेवतो. किती दिवस, ते विचारू नका."

त्यानंतर दर रविवारी दोघं सकाळच्या गाडीनं निघत आणि सरळगावला गाडी बदलून सुभेदारांकडे जात. काकी डाव्या हातात लाकडी पिस्तूल धरून "कोन हाय? मागं सर" असं ओरडायला शिकल्या. अण्णा कडी लावायला शिकले. दर वेळी सुभेदार म्हणत, "काका, मनगट हलतंय. अजून हात बसला नाही." लायसनचा कागद दाखल्यावाचून अडून राहिला. असं सहा महिने नाही, सहा वर्षं चाललं. छत्रीवर पाणी ओतून घेणारा माणूस या क्लासबद्दल एकदाही कुरकुरला नाही. मला त्याचं नवल वाटलं, पण पुढे विचार केला नाही.

सुभेदारांची म्हातारी आई अंगणात बाजेवर बसलेली असे. तिला काही लक्षात राहत नसे, पण काकींचा वाकडा हात मात्र दर रविवारी मांडीवर घेऊन चोळून द्यायची.

दोन हजार सालानंतर केव्हातरी काकींना कावीळ झाली. गावठी औषधात आठवडा गेला. शहापूरहून ठाण्याला नेताना वाटेतच त्या गेल्या. तेराव्यानंतर अण्णा माझ्या खोलीवर आले. मागचं दार न विचारता बसले.

"मास्तर, अर्ज लिवा. लायसन नको म्हणून."

मी कागद घेतला. कारण काय लिहू, विचारलं.

"लिवा, अर्ज दोघांचा व्हता." मग म्हणाले, "तिला वाटायचं, मी सवतावर चालवीन."

मी कागदावर तारीख घातली.

"मला म्हाईत व्हतं ती खोट का काढते ते. सुभेदार दाखला का देत नाय ते बी. पन तिला वाटत व्हतं ती मला सांभाळते. वाटू दिलं. मला बी सवताचा भरवसा नव्हता, मास्तर. रविवार आला की बरं वाटायचं."

"आता?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"आता कुनाला दाखवायला मरू?" अण्णा म्हणाले आणि सहीसाठी हात पुढे केला.

पुढच्या रविवारी ते सकाळच्या गाडीनं गेले. मला काळजी वाटली, म्हणून मीही चढलो. सुभेदार अंगणात आले. आत जाऊन त्यांनी लाकडी पिस्तूल आणलं नाही, चहा आणला. बाजेवरच्या म्हातारीनं अण्णांच्या मागे वाटेकडे बघितलं.

"आज बाय नाय आली?"

"येतीय मागनं," अण्णा म्हणाले आणि तिच्या पायथ्याशी बसले.

पुढे म्हातारी होती तोवर तिनं दर रविवारी हेच विचारलं. हे ऐकायला अण्णा दोन गाड्या करून जात.