गुलाल आमचा, निकाल त्यांचा

लोकसभेचा निकाल काय लागणार, हे मला मोजणीच्या आधीच ठाऊक होतं! अहो, मिलिटरीत हवालदार होतो मी. टेकडीपल्याड शत्रू काय करतोय हे ओळखायचो, तिथं आमच्या कोरेगाव तालुक्यातली माणसं ओळखणं म्हणजे हातचा मळ! गावात घरोघर फिरलो होतो. दिसेल त्याला म्हणायचो, "काय, औंदा आपलंच हाय न्हवं?" उत्तर ठरलेलं, "व्हय की आबा!" टीव्हीवरचे कोटवाले पंडितही तेच सांगत होते.

म्हणून आदल्या दिवशीच मिरवणुकीला बेंजोचा ताफा ठरवला, गुलालाची पोती आणली आणि ट्रॅक्टरची ट्रॉली झेंडूनं अशी मढवली की स्वतःच्या लग्नातही मी एवढा सजलो नव्हतो. गावात विरोधी पक्षाचा उघड माणूस एकच, माझा शेजारी हरिबा. त्याला कुंपणावरून बजावलं, "हरिबा, उद्या दार लावून बस गड्या. गुलाल डोळ्यात जाईल!" बिचारा नुसता हसला.

सकाळी मोजणी सुरू झाली. आमचा उमेदवार मागे. "टपालाची मतं हायत ती," मी म्हणालो. पुढच्या फेरीत आणखी मागे. "आपला भाग अजून यायचाय!" मग आपला भाग आला, आणि उमेदवार इतका मागे गेला की दुर्बिणीतूनही दिसेना! म्हटलं देशात तरी बघू. तिकडे तर सगळंच इस्कटलेलं. ज्यांना पंडितांनी आठवड्यापूर्वीच पोचवलं होतं ते उठून बसले होते, आणि जे एकट्याच्या जोरावर येणार होते ते टेकू शोधत होते. पंडित टाय सैल करून पाणी पीत होते.

"आबा, वाजवायचं का?" बेंजोवाल्यानं विचारलं.

"माझं डोकं वाजव!"

एवढ्यात फाटकात हरिबा. हात चोळत उभा.

"आबा, जरा अडचण हाय."

"बोल."

"आमी निवडून आलोय."

"कळलं!"

"तसं न्हवं. गुलाल न्हाई. बेंजो न्हाई. पडणारच म्हणून कायबी आणलं न्हाई. आन् बाजारातला गुलाल संपला. तुमचा आता... म्हंजी... पडूनच हाय तर..."

माझं डोकं गुऱ्हाळाच्या काहिलीसारखं तापलं! पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि थंडावलो. विरजण मागायला आल्यासारखा उभा होता. मनात आणलं असतं तर माझ्या दारात फटाके लावू शकला असता. मी जिंकलो असतो तर लावलेच असते.

"न्हे सगळं. पर ट्रॅक्टर मी चालवणार. क्लच नाजूक हाय."

तिथंच फसलो! ट्रॉली माझी, फुलं माझी, आत नाचणारे विरोधक आणि स्टेअरिंगवर मी! कुणीतरी मोबाईलवर 'लाईव्ह' केलं. पहिल्याच वळणावर आमच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष वीरधवलराव फोनवर कडाडले, "ज्योतिबा! निकालाची शाई वाळली न्हाई, तवर पक्ष बदलला?"

"साहेब, मी फकस्त ट्रॅक्टर चालवतोय!"

"तेच म्हणतोय! त्यांचा गाडा तुमी हाकताय!"

ओरडणं ऐकून मागून पोरं आली. त्यांना 'पक्ष बदलला' एवढंच ऐकू गेलं. "आबा आपल्यात आलं रंऽऽ!" गळ्यात हार, टाळक्यावर माझाच गुलाल!

चावडीपुढे पोरांनी माझ्या हातात माईक दिला. हरिबाला शुभेच्छा देऊन उतरायचं, एवढंच ठरवलं होतं. पण हा घसा महिनाभर एकाच घोषणेला सरावलेला! मूठ वर गेली आणि तोंडातून आमच्या पडलेल्या उमेदवाराचं नाव निघालं, पुढे दणदणीत "विजय असो!"

बेंजो थांबला. मला वाटलं, आता चप्पल येणार. मग मागून एकजण फिसकन हसला. हरिबा तर ट्रॉलीला धरून हसायला लागला, आणि बघता बघता सगळी चावडी! मीही हसलो. करतो काय?

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघं पारावर टेकलो.

"सगळी मला व्हय म्हणली होती रं हरिबा."

"मलाबी म्हणली. मला वाटलं, दया करत्यात."

"मग खोटं बोलली?"

"खोटं कशाचं? तुमी दारात जाऊन 'आपलंच हाय न्हवं' म्हणणार. तोंडावर न्हाई कोण म्हणंल? इचारलं कवा तुमी कुणाला?"

नोकरीत सरहद्दीवर असताना ऐकलेलं आठवलं, की पलीकडे सत्ता डळमळली की रस्त्यावर रणगाडे येतात. आमच्या रस्त्यावर बेंजो आला होता. महिनाभर मी गावाच्या कानात ओरडलो, गावानं ऐकून घेतलं आणि बटण दाबताना आपल्या मनाचं ऐकलं. हरल्याचं दुःख होतंच. पण गावाचा थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

घरी आलो. बायकोनं, शालूनं, गुलाल धुवायला न्हाणीत पाणी काढलं होतं. मी सहज विचारलं, "तू कुणाला दिलंस गं?"

तिचा तांब्या बादलीतच थांबला. "आवं, आज पयल्यांदा इचारलंत! दर बारीला सांगूनच धाडायचा."

"मग सांग की."

"मत गुप्त आसतंय," ती म्हणाली. "पाठ करा हिकडं."

मी मुकाट पाठ केली.