प्रार्थनेचा विषय

मिशन कंपाउंडात प्रत्येकाच्या उजव्या कानामागे एक दार असतं आणि विचारांनी तिथूनच आत यायचं असतं. त्या दाराला कडी दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे पोरगं चर्चचं पक्कं सभासद होतं त्या दिवशी, पाळकसाहेब स्वतः बसवून देतात. पुढे ज्याची त्याने सांभाळायची. आत राहणाऱ्यांत जो सगळ्यात जुना, त्याला जिभेकडे जाणाऱ्या जिन्यावर पहिला मान. दोर्कस मकासरे हे नियम काटेकोर पाळायची.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तिच्या दाराशी नुसती झुंबड उडाली. कारणही तसंच होतं. धाकटी बहीण करुणा अकराच्या एस्टीने येणार होती! आईच्या मातीलाही न आलेली करुणा, तब्बल तीन वर्षांनी! करंज्या तळता तळता दोर्कस झाऱ्यासकट फाटकापर्यंत धावत जाऊन आली. कानामागे विचारांची रेटारेटी चालली होती. रांगेत सगळ्यांच्या पुढे मळक्या बंडीतला एक बारका विचार होता. त्याचा अवतार बघून तिने कडी काढलीच नाही.

आतला सगळ्यात जुना रहिवासी मात्र टापटीप होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट. आईच्या मातीच्या दिवशी तो वळकटी घेऊन आला आणि "प्रार्थनेचा विषय" एवढंच म्हणाला. आता प्रार्थनेच्या विषयाला कोण ख्रिस्ती माणूस दारात उभं ठेवेल? तेव्हापासून महिला मंडळात दोर्कसच्या तोंडून तोच बोलायचा. "करुणासाठी प्रार्थना करा हं. सख्ख्या आईच्या मातीला आली नाही."

आज तो भांग पाडून जिन्यावर उभा होता.

"एस्टीतून उतरली की पहिलं वाक्य माझं," तो म्हणाला. "'आलीस? तेव्हा वाट सापडली नव्हती वाटतं?' पाठ केलंय."

दोर्कस तशीच अंगणात धावली. हे वाक्य ऐकलं तर करुणा त्याच एस्टीने परत जाईल, आणि पुन्हा कधी येणार नाही. शेजारचे शलमोनकाका शिडीवर चढून तिच्या घराच्या दारावर नाताळची चांदणी बांधत होते.

"काका, उतरा लवकर! आतला ऐकत नाही!"

काका उतरले आणि शांतपणे तिच्या कानामागे डोकावले.

"विचारलंस का त्याला?"

"काय विचारायचं?"

"अगं बये, विचार म्हटला की विचारायचा! तू नुसते कपडे बघून कडी काढतेस."

दोर्कसने पदर खोचला. "प्रार्थनेचा विषय ना तुम्ही? मग करुणासाठी गुडघे कधी टेकलेत?"

काकांनी पुन्हा आत डोकावून त्याच्या पँटचे गुडघे पाहिले.

"इस्त्री मोडलेली नाही गं," काका म्हणाले.

"मग टेका की आता."

"पँट चुरगळेल," तो म्हणाला.

"उचला वळकटी!"

तो निघाला, पण कुरकुरत. दोर्कसला एकदम मोकळं वाटलं आणि हसूच फुटलं. तेवढ्यात वळणावर एस्टीचा हॉर्न वाजला. जिना तर रिकामा! तिने घाईघाईने मळक्या बंडीवाल्याला गाठलं, पण या खेपेला विचारलं.

"कुणाकडचा रे तू?"

"तुमच्या आईकडचा."

"मग इतका मळलास कशाने?"

"तीन वर्षं दारात उभा आहे."

तिचे डोळे भरून आले. कडी काढून ती तशीच पिठाच्या हातांनी फाटकाकडे धावली. करुणा एस्टीतून उतरली आणि पिशवी छातीशी धरून लांबच उभी राहिली.

"बये," दोर्कस म्हणाली, "जेवलीस का?"

आई अगदी अस्संच विचारायची. करुणाच्या हातातून पिशवी गळाली. दोघी भर रस्त्यात गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. कंडक्टरने घंटी मारायचं थांबवलं.

त्या गडबडीत करुणाच्या कानामागचं दार करकरलं आणि पांढऱ्या शर्टातला आणखी एकजण वळकटी घेऊन खाली उतरला. दोर्कसने काढलेला रहिवासी फाटकाशीच रेंगाळत होता; दोघांनी एकमेकांना सलाम केला. मग कंपाउंडात शिरून ते शिडी चढले आणि शलमोनकाकांच्या कानामागे टकटक केली.

"प्रार्थनेचा विषय आहे," ते म्हणाले.

काका पुन्हा शिडीवर चढून चांदणीची दोरी आवळत होते.

"गुडघे दाखवा," काका मागे न बघता म्हणाले.