नऊ टोल

"भीती? ती कशाशी खातात?" असं गुल्वेन भर चौकात म्हणाला आणि तिथंच फसला.

केरवेलेकचं अख्खं गाव फुटबॉल कपच्या फायनलला पॅरिसला निघालं होतं. आपल्या चिमुकल्या क्लबाची गाठ दक्षिणेतल्या तालेवार क्लबाशी, असा योग जन्मात एकदाच. तीन बसगाड्या भरल्या, लोकांनी कुत्रीसुद्धा सोबत घेतली. मागं राहिली दोनच माणसं. एक गुल्वेन, चर्चची घंटा सांभाळणारा; भीत नाहीस तर राखणीला तूच थांब, म्हणाले सगळे. दुसरे ब्याण्णव वर्षांचे तांगीआजोबा. त्यांच्या काळजाला मॅच सोसायची नाही, म्हणून डॉक्टरांनी टीव्ही बंद करायला लावलेला.

"गुल्व्या, जिंकलो तर घंटा बडव रे," म्हातारा कळवळून म्हणाला होता. "अंथरुणात पडून ऐकेन. साठ वर्षं वाट बघतोय."

"बडवतो की, पार दोर तुटेस्तोवर."

मॅच सुरू झाली तेव्हा उजेड होता. मग समुद्राकडून धुकं आलं आणि चौक दिसेनासा झाला. गुल्वेन घंटेच्या दोराशी मोबाईल घेऊन बसला होता. सत्तरावं मिनिट, एक-एक बरोबरी. तेवढ्यात बाहेर करकर झाली. थांबली. पुन्हा करकर.

आता आमच्या ब्रेतान्य प्रांतात अंकूला कोण ओळखत नाही? मेलेल्यांना न्यायला तो गाडी घेऊन येतो आणि त्या गाडीचं चाक कायम करकरतं.

"कोण आहे?"

उत्तरादाखल करकर वाढली. तो मागं सरकला, दोरात पाय अडकला, आणि घंटेनं त्याला वर उचललं. मग खाली आणलं, पुन्हा वर नेलं. दर खेपेला एक संथ टोल. पाय सुटेपर्यंत नऊ झाले.

विजयाची घंटा घाईघाईनं वाजते. संथ नऊ टोल म्हणजे गावातला बाप्या गेला. आणि आज गावात बाप्ये होते दोन.

"म्हातारा धसक्यानं जाणार आणि पाप माझ्या माथी," असं पुटपुटत गुल्वेन लंगडत पळाला. मनोऱ्यावर करकरत होती ती त्यानंच सकाळी चढवलेल्या क्लबच्या झेंड्याची कप्पी. पण वर बघायला थांबतंय कोण.

आजोबांचं दार सताड उघडं. आत निळसर उजेड. मरणासाठी राखून ठेवलेला काळा सूट घालून आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. गुल्वेननं दाराची चौकट धरली.

"आजोबा?"

"ये, बस." आजोबांनी मान वळवली नाही. "नऊ मोजले. म्हटलं, दोघांतला एक गेला. नाडी चाचपली, सापडली नाही. म्हणजे मीच."

"अहो, तो माझा पाय..."

"गप. मेलेल्याला कसला आलाय डॉक्टर?" समोर टीव्ही चालू होता आणि हातात सफरचंदाच्या सायडरचा पेला. "साठ वर्षं थांबलो. आधी मरायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही मला."

शेवटच्या मिनिटाला आपला गोल झाला. आजोबांनी गुल्वेनला कडकडून मिठी मारली. त्यांचे हात बर्फासारखे गार होते, आणि छातीत काही धडधडतंय का, हे बघायचं धाडस गुल्वेनला झालं नाही.

"घंटा वाजवून येतो," तो कसाबसा म्हणाला. "कबूल केलं होतं तुम्हाला."

आजोबांनी त्याची बाही धरली.

"खाली बस. माझे नऊ झालेत. आता वाजली तर कुणाची, ते तूच मोज."

बाहेर करकर चालूच होती. गुल्वेननं उठून दार लावलं, कडी घातली, वर खुर्चीही टेकवली. भीतीबिती काही नाही हो, गारठा होता.