माग थांबला की गोळी

सिस्टरआक्काबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवालाही नाही. देवापुढं उभा राहिलो की मी घाईघाईनं मुलीच्या अभ्यासाचं मागतो आणि निघतो. आता सांगणार आहे. पण त्याआधी ही बाई माणसाला किती छळू शकते, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

दर अमावास्येला दुपारी एकच्या ठोक्याला ती आमच्या वडगावच्या गल्लीत उतरते. हातात एक जुना धोटा असतो. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो, तो लाकडी धोटा. त्यानं ती प्रत्येक दारावर तीन ठोके देते आणि ओरडते, "माग न्हाय आज! पर गोळी हाय! घेतलीस काय गं?"

गोळी म्हणजे पाळणा लांबवायची गोळी. हे नव्या माणसाला माहीत नसतं. अमावास्या, भर दुपार, पांढऱ्या केसांची बाई आणि दारावर ठोके! मागं एक नवी भाडेकरीण घाबरून नारळ, लिंबू आणि हळदकुंकू घेऊन बाहेर आली आणि पाया पडली. आक्कानं नारळ ठेवून घेतला, लिंबू परत दिलं आणि विचारलं, "पाळी कधी आलती गं तुझी?" त्या बाईचा नवरा तिथंच स्कूटर पुसत होता. तो स्कूटर सोडून आत पळाला.

आक्का सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. नोकरी सगळी खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत, लोंढ्याच्या बाजूला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली घेतली आणि गल्लीचा ताबाही घेतला. खोलीत एक खाट, एक स्टूल आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. गल्लीतल्या बायका दुपारी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून झाल्या की तिथं जमत.

हळू बोलणं तिला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत घरोघरी माग, त्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात. पण माग थांबले की आम्ही आवाज खाली आणतो. आक्का आणत नाही. त्यामुळं कुणाला मळमळतं, कुणाला पाळी नसताना मधेच रक्ताचे ठिपके दिसले, हे अमावास्येच्या शांततेत थेट नाक्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू जायचं. "पहिलं दोन-तीन म्हैनं व्हतंय तसं, घाबरू नको! जेवून घे आणि मग गीळ!" चहा पिणारे पुरुष कपात बघत बसायचे.

या अमावास्येमागं तिची स्वतःचीच एक चूक आहे. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची. पण घड्याळ बघायला कुणाला सवड? म्हणून आक्कानं नियम काढला: दुपारी जेवणाला माग थांबला की गोळी. नियम बिनतोड होता. खडखडाट बंद झाला की बायकांचा हात आपोआप डब्याकडं जायचा. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. अमावास्येला आमच्याकडं माग बंद असतात. जो चालूच नाही तो थांबणार कसा? एक बाई अमावास्येला विसरली, त्याला जोडून माहेरच्या जत्रेत दोन दिवस विसरली. आक्काच्या नियमातली ती चूक आज सहावीत आहे आणि वर्गात पहिली येते. आक्का तिला दरवर्षी दप्तर घेऊन देते. तेव्हापासून तो धोटा.

"एक चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. दोन चुकल्या तर मला येऊन इचारा. तीन चुकल्या तर पेढे आणा!" हे तिचं पाठांतर. दुसरं पाठांतर ती बोटांवर मोजत म्हणायची: "एक पाय सुजला, छातीत कळ आली, दम लागला, डोळ्यापुढं चमकाय लागलं, तर माझ्याकडं येऊ नगा. सरळ दवाखाना!" सासवा म्हणायच्या, गोळीनं कूस कायमची बंद होते. आक्का म्हणायची, "बंद व्हती तर दर म्हैन्याला मी कशाला बोंबलत फिरले असते?"

माझी बायको सुनंदा मुलीच्या जन्मानंतर तिच्याकडं जायला लागली. आईला चोरून; आईला नातू हवा होता. खरं सांगायचं तर गोळीनं सुनंदाचं भलंच झालं. आधी महिन्यातले पाच दिवस ती भिंतीला धरून चालायची, रक्त इतकं जायचं. ते कमी झालं, चेहऱ्यावर रंग आला. आक्का दर तीन महिन्यांनी तिचं बीपी बघायची. मला यातलं फारसं माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंच नव्हतं. मी हायस्कुलात हेडक्लार्क. कागद आला की त्यावर शिक्का मारायचा, आत काय लिहिलंय त्यात पडायचं नाही, ही सवय घरीही लागली होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी शाळेला निघालो होतो. चहाच्या गाड्याशी आक्कानं मला गाठलं. शेजारी आमच्या शाळेचे दोन मास्तर उभे.

"काय रं क्लार्का, कुठं जाऊलास? थांब! सुनंदाचं बीपी चढलंय. पस्तिशी उलटली. वर डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं नागमोडी चमकतंय म्हणती. आता ही गोळी तिला न्हाय चालायची. आजपास्नं बंद, मोठ्या डॉक्टरीणबाईला दाखव. धा उपाय हाईत."

"बघतो आक्का," मी पुटपुटलो.

"आणि त्या धातला सोपा तुझ्याकडंच हाय! नसबंदी करून घे रं! धा मिन्टाचं काम. चौथ्या दिवशी शाळेत शिक्के मारत बसशील!"

एका मास्तरच्या नाकातून चहा आला.

मी त्या दिवशी कुणाशी बोललो नाही. दोन्ही मास्तर मात्र सगळ्यांशी बोलले. दुपारपर्यंत शिपाईसुद्धा माझ्याकडं बघून मिशीत हसत होता. संध्याकाळी सुनंदानं विचारलं, "आक्कांनी बीपी बघितलं काल. गोळीचं काय करायचं ते नवऱ्याशी बोलून ठरवते म्हणाल्या. भेटल्या काय?"

मी म्हणालो, "भेटली. काही नाही, चालू ठेव म्हणाली."

हीच ती गोष्ट. एवढीच आहे. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग आता काय करायचं? आणि त्याचं उत्तर त्या चहाच्या गाड्यावर अख्ख्या वडगावला कळलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात आक्का डोळ्याच्या ऑपरेशनला लोंढ्याला भाच्याकडं गेली, दोन महिन्यांसाठी. जाताना तिनं मला विचारलं, "सांगितलास न्हवं सुनंदाला?" मी मान हलवली. सुनंदाची पाकिटं संपली तेव्हा मी आणतो म्हणालो. आमच्या संस्थेची एक शाळा निपाणीला आहे, महिन्यातून एकदा कागद घेऊन जावं लागतं. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून मी एवढं लांब जाऊन तिथल्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, आणि दुकानदार संशयानं बघेल म्हणून सोबत खोकल्याचं औषध. दोनदा. घरात खोकला कुणाला नव्हता. आई म्हणायची, "कुणाला रं एवढा खोकला?"

आक्का परतली ती अमावास्येलाच. रविवार होता, मी घरी होतो. गल्लीच्या तोंडापासून ठोके जवळ येत होते आणि नेहमीसारखा माझा जीव वैतागला होता. सुनंदा उंबऱ्यावर बसली होती, डाव्या पोटरीवर एरंडाचं गरम पान बांधून. आईनं बांधलं होतं. तीन दिवस पाय दुखत होता. कांड्या भरायला बसून बसून असेल, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

आक्कानं धोटा खाली ठेवला. पान सोडलं. दोन्ही पोटऱ्या हातानं बघितल्या. काळा चष्मा काढून परत बघितल्या.

"गोळी कवा बंद केलीस?"

सुनंदा म्हणाली, "बंद कुठं? तुम्हीच चालू ठेव म्हणालात की. ह्यांना सांगितलात न्हवं?"

आक्कानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मी दाराला धरून उभा होतो. मागं आई येऊन उभी राहिली होती. "कसली गोळी?" आईनं विचारलं. माग बंद होते. सगळी गल्ली ऐकत होती.

मला वाटलं, आता ही ओरडेल. आयुष्यभर ही बाई ओरडत आली आहे, आज तर कारण होतं.

"व्हय," आक्का म्हणाली. "म्हणाले असेन मी. म्हातारी झाले, ध्यान ऱ्हात न्हाय. रिक्षा बोलाव रं, पळ."

मी पळालो. तेवढंच मला जमलं.

पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. वेळेत आणलंत म्हणून, नाहीतर ती फुप्फुसात गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. सुनंदा आठवडाभर दवाखान्यात होती, मग कितीतरी महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. ती वाचली. आईनं मात्र आक्काच्या दारात जाऊन तोंड सोडलं. माझ्या सुनेला मारत होतीस, माझा नातू अडवलास. आक्का स्टुलावर बसून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "माझंच चुकलं, बाई. सुनंदाला आज जेवण गेलं काय?"

त्यानंतर बायका तिच्याकडं जाईनाशा झाल्या. "डोकं चळलंय तिचं, कुणाला काय सांगंल नेम न्हाय," असं बोलू लागल्या. सुनंदासुद्धा. अमावास्येला ती अजून उतरते, पण निम्मी दारं आतून लावलेली असतात. आमच्या दाराशी ती ठोका देत नाही. मी दिसलो तर एकच शब्द विचारते, "पाय?"

मी म्हणतो, "बरा आहे." ती पुढच्या दाराकडं जाते.

ऑपरेशन मी करून घेतलं. दहा मिनिटांचंच होतं. कुणाला कळू दिलं नाही, पण आक्कानं चालण्यावरून ओळखलं. चहाच्या गाड्याशीच गाठ पडली. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. ती अगदी जवळ आली आणि मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाली, "बरं केलास."

परवा दुपारी तिच्या खोलीवरून जात होतो. दार अर्धं उघडं होतं. ती खाटेवर बसून यंत्राचा पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळत होती. दुसऱ्या हातानं फुगा दाबला, काटा बघितला आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं बघून म्हणाली, "थोडं चढलंय गं. पर काळजी न्हाय." मग पट्टा काढला, आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

मी आत गेलो नाही.

आई अजून आहे, आणि तिला चांगलं ऐकू येतं. सुनंदा आहे. गल्ली आहे. एखाद्या अमावास्येला माग बंद असताना या सगळ्यांसमोर मला एवढं म्हणायचं आहे: आक्कानं गोळी बंद करायला सांगितलं होतं, मी खोटं सांगितलं. हे मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.