कुलपाची भावकी

लहान माणसाला बोलावं लागतं, मोठ्या माणसाला नुसतं बसावं लागतं. जगाचा कायदाच हाय. कोर्टात बगा, घसा फोडतो तो वकील, बसलेला असतो तो जज. लग्नात बगा, सगळ्या गावावर ओरडतो तो नवरीचा मामा, आन् खुर्चीवर बसतो नवरदेव. (नवरदेवाला बसायला तेवढाच एक दिवस मिळतो, ते सोडा.) म्हणून ज्याला कोणाला मोठं व्हायचंय, त्यानं आधी बसायची जागा धरावी. आमच्या वडवणीत तशी जागा एकच. अमरसिंहभैय्याच्या केबलवरचा जांभळा सोफा.

भैय्याचा स्टुडिओ खता-बियाण्याच्या दुकानावर हाय. खाली युरिया, वर विचार. रोज बारा ते एक तिथून 'भरदुपारची भेट' नावाचा कार्यक्रम लाईव्ह लागतो. दुपारच कावून? तर सकाळी लोकांना कामं असतेत आन् रातच्याला मुंबईचे च्यानल असतेत. दुपारी माणूस जेवून आडवा झालेला असतो, त्याच्याकडून इरोध होत न्हाई. च्यानलनं रीतसर पाहणी केलीया. शंभरातले नव्वद लोक कार्यक्रम बघतेत. उरलेल्या दहांतल्या सातांची लाईट गेलती, आन् तिघं सोफ्यावरच बसलेले होते.

मी तिथं पाहुण्यांना फेटे बांधतो.

पाहुणा नामांकित पायजे, असा नियम हाय. नामांकिताचे तीन वर्ग. अ वर्ग म्हंजी जो सिरियलीत मेला. ब वर्ग म्हंजी जो मेलेल्याच्या बाजूला बसून रडला. क वर्ग म्हंजी जो मुंबईला गेलता आन् वापस आला. पहिल्याच साली जिल्ह्यातला ब वर्ग संपला. मग नांदूरघाटचा एक गडी बसवला. तो क्रिकेटची मॅच बघायला गेलता, आन् चेंडू ज्या अंगाला गेला त्या अंगाला टीव्हीवर दिसलता. त्याच्यानंतर चकलांब्याचा एक बोकड आणला. त्याला लई मोठी किंमत बोलून कोणी घेतलेलं न्हव्हतं. मुलाखत चांगली झाली. (मधी मधी बोलला न्हाई.)

आता सत्कार. आमच्याकडं पाहुण्याला कोरडं बसवत न्हाईत. शाल, नारळ, हार, फेटा. पण सत्कार केला कोणी? प्रायोजकानं. मग प्रायोजकाचा सत्कार नको? तो झाला की प्रायोजकाची भावकी खाली दुकानात पोत्यावर बसलेली असती, ती म्हणती, आमी काय मेलोत का बे? तिला वर आणावं लागतं. एकदा घाईत भावकी राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी केबलची वायर तुटलेली. (तपास चालू हाय.) तवा भैय्यानं लाईव्ह कार्यक्रमात नारळावर हात ठिवून जाहीर केलं, ज्याचा सत्कार त्याच्या भावकीचा मान झाल्याबिगर इथून पुढं कार्यक्रम पुढं सरकणार न्हाई.

त्यामुळं अर्धा तास सत्काराला जातो, पाव तास जाहिरातीला, आन् उरलेल्या वेळात पाहुणा सत्काराबद्दल आभार मानतो. ह्या पद्धतीचा फायदा असा, की आमच्या सोफ्यावर आजपातुर कोणी चुकीचं बोललेलं न्हाई. मुंबईच्या च्यानलला हे जमलंय का, सांगा.

सोफ्याची उजवी बाजू डॉक्टर राधाकिशन ह्यांची. जनावरांचे सरकारी डॉक्टर. डोंगराकडच्या एका वाडीच्या दवाखान्यात नेमणूक. (वाडीचं नाव सांगत न्हाई. सांगितलं की पुढच्या आठवड्यात तिथल्या सरपंचाला फेटा बांधावा लागंल.) दोन सालाखाली ठरलेला पाहुणा ऐनवेळी आला न्हाई, आन् डॉक्टर खाली मिरचीचं बी घ्यायला आलते. त्यांना वर नेऊन बसवलं. ते 'मानवी जीवनातील ताणतणाव' ह्या विषयावर बोलले. बायामाणसं लई हळहळली. तवापासून ते कायमचे तज्ज्ञ. आता बाराला लाईव्ह म्हणल्यावर अकराला पावडर, त्याच्या आधी दाढी, त्याच्या आधी चिंतन. दवाखाना उघडायचा कवा? म्हणून दवाखान्याला कुलूप, आन् चावी डॉक्टरच्या खिशात. ह्यात कोणाचीच चूक न्हाई. पावडर लावलेल्या माणसानं मेंढरात जाऊच न्हाई, मेंढरं बुजतेत.

त्याच वाडीला सत्यभामाबाई राहतेत. मेंढरावाल्या. मालकाचं नाव धुळाजी, सव्वाशे मेंढरं. एक दिवस कळप रस्ता वलांडायला आन् एका पुढाऱ्याच्या गाड्या यायला एकच गाठ पडली. गाड्यांनी हॉर्न लावला. बाईनं काठी आडवी धरली आन् म्हणल्या, "थांबा वो. तुमाला पाच सालानं एकदा यायचंय, ह्यांना रोज जायचंय."

कोणीतरी मोबाईलवर काढलं. आठ दिवसांत बाई मुंबईला न जाता क वर्गात आल्या. पंधरा दिवसांत ब. भैय्यानं फोन लावला.

"येते की," बाई म्हणल्या, "पर एक गोष्ट बोलू द्यायची. आमच्या दवाखान्याचं कुलूप काढा म्हणायचंय. पलीकडच्या वस्तीवर खुरकूत आलीया. तोंडातून लाळ गळायली, खुरं सडायलीत, मेंढरं पाऊल टाकंनात. माझ्या कळपात शिरायच्या आधी लस टोचाय पायजे."

"मावशी, लाईव्ह हाय आपलं. तुमी बोललेलं देवालाबी कापता यायचं न्हाई."

भैय्या खोटं बोलला न्हाई. कापायला आधी बोलावं लागतं.

त्या दिवशी सोफ्यावर धनश्रीबाईबी होत्या. अ वर्ग. तीन सिरियलीत मिळून चारदा मेलेल्या. आमच्या वडवणीला चारदा मेलेला पाहुणा पहिल्यांदाच लाभला. मधी धनश्रीबाई, डाव्या हाताला सत्यभामाबाई, उजव्या हाताला डॉक्टर. सत्कार सुरू झाले. जाहिरात लागली तशी सत्यभामाबाई धनश्रीबाईच्या पुढून वाकल्या.

"डॉक्टरसाहेब, चावी कुठाय?"

"खिशात."

"मग द्या की."

"बाई, सध्या मी लाईव्ह हाय."

"आता तर खताची जाहिरात चालूय."

"मनानं लाईव्ह हाय." मग डॉक्टर जरा नरमले. "तुमच्याच प्रश्नावर बोलणार हाय मी. येत्या सोमवारी. 'पशुपालकाची व्यथा.' आवर्जून बगा."

"व्यथा मला ठाव हाय वो. लस पायजे."

जाहिरात संपली. सूत्रसंचालन स्वप्नालीताई करतेत. भैय्याच्या वहिनी, दोन सालं पुण्यात राहिलेल्या, त्यामुळं त्यांच्या तोंडात 'न्हाई' येत नाही. त्यांनी हातातला माईक पुढं केला. "मावशी, इतकं सगळं प्रेम मिळतंय तुम्हाला. कसं वाटतंय?"

"कुलूप," बाई म्हणल्या.

"वा. किती साधी माणसं असतात ना ही." आन् प्रायोजकाची भावकी वर आली.

त्या एका शब्दाचा लई बोलबाला झाला. डॉक्टरनं त्याच्यावर पुढचे तीन भाग घेतले. मनाचं कुलूप, नात्याचं कुलूप आन् मौनाचं कुलूप. बाईला परत बोलवणं गेलं. दुसऱ्या बारीला बाई दोन शब्द बोलल्या, "कुलूप काढा," तवर नारळ फुटला. ह्या हिशेबानं सगळं वाक्य व्हायला सालभर लागलं असतं, आन् खुरकुतीला तेवढी फुरसत न्हव्हती. पलीकडच्या वस्तीवर तीन मेंढरं मेली. आता ती वस्ती आन् बाईचा कळप ह्यांच्या मधी एक वढा तेवढा राहिला होता.

कार्यक्रम संपल्यावर बाई जिन्यात बसल्या. दोन शाली मांडीवर, फेटा तसाच डोक्यावर. मला म्हणल्या,

"तानाजी, तुझ्या भैय्याचा तो भावकीचा नियम खराय का रे?"

"खराय, मावशी. नारळावर हात ठिवलाय."

"मोडीत न्हाई?"

"मोडला की वायर तुटती."

बाई उठल्या. शाली काखंत मारल्या आन् यस्टीला गेल्या.

दोन दिवसांनी मोबाईलवर नवं आलं. दवाखान्याचं दार. दाराला कुलूप. कुलपाला आमच्याच च्यानलची शाल, आमचाच हार. बाजूला धुळाजी नारळ घेऊन उभा, चेहरा एकदम गंभीर. बाई भाषण करायल्या.

"हे कुलूप ऊन म्हणलं न्हाई, पाऊस म्हणलं न्हाई. दोन सालं झाली, एक दिवस रजा न्हाई. बदली मागितली न्हाई, मीटिंगला गेलं न्हाई. कवाबी या, जाग्यावर हजर. सरकारचा असा इमानदार नोकर दुसरा दावा."

सांच्यापातुर सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. कुलूप सिरियलीत मेलेलं न्हव्हतं, पर गंजलेलं होतं. ते धरून त्याला थेट अ वर्ग देण्यात आला. कार्यक्रमात आणायचं ठरलं. डॉक्टर म्हणले, सदर कुलूप शासकीय मालमत्ता हाय, वरच्या आदेशाबिगर हलवता येत न्हाई. भैय्या म्हणला, "मग तुमीच हलवा की. त्याचे साहेब तुमीच, चावीबी तुमच्याच खिशात." डॉक्टरनं लई इचार केला. अ वर्गाच्या बाजूला बसायला मिळत होतं. हो म्हणले.

भैय्यानं मावशीला फोन लावला. मी समोरच होतो, फोन स्पीकरवर होता.

"न्या की कुलूप," बाई म्हणल्या. "पर सत्कारमूर्ती हाय ते. भावकीचा मान झाल्याबिगर कसं निघंल?"

"मावशी, कुलपाला भावकी कुठून आणू?"

"दोन सालं त्याच्या दारात कोण बसलं? माझी मेंढरं. दुसरं कोण हाय त्याला? सव्वाशे हायेत. नियम तुमचाच हाय, भैय्या."

भैय्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. तिथून वायर गेलती.

"सव्वाशे शाली, मावशी?"

"शाल त्यांच्या अंगावरच हाय. लोकरीची."

"मग नारळ?"

"खात न्हाईत. आमच्यात मेंढराचा मान सुईनं करतेत. डॉक्टरच्या हातानं."

सव्वाशेची भावकी जिन्यानं वर चढणार कशी? तर ठरल्या दिवशीची 'भरदुपारची भेट' वाडीवरून लाईव्ह झाली. जांभळा सोफा टेम्पोत घालून नेला. जी लस दोन सालं 'वरून येत न्हाई' होती, ती लाईव्ह म्हणल्यावर दोन दिवसांत बर्फाच्या डब्यात वरून आली. मी कुलपाला फेटा बांधला. लोक इचारतेत, त्याला डोकं न्हाई, कसा बांधला? मी म्हणतो, सवय हाय.

मग भावकीचा मान सुरू झाला. स्वप्नालीताई माईकवर एकेक नाव घेत होत्या, बाई मागून सांगत होत्या. "आता सत्कारासाठी येत आहेत भुरी. यानंतर काणी. यानंतर मोडक्या शिंगाची." पहिल्या दहांत डॉक्टरची सुई लोकरीतच अडकायची. पावडर घामासंगं गळ्यात उतरली. पन्नासाव्या मेंढरानंतर मात्र बाह्या वर गेल्या, गुडघा जमिनीला टेकला, आन् सुई अशी जायला लागली की मेंढरू वरडायचं विसरलं. हात चांगला हाय वो त्यांचा. उगं सोफ्यावर पडून होता.

एक वाजला. भैय्यानं कार्यक्रम बंद केला न्हाई, नियम होता. तवर पलीकडच्या वस्तीवरले लोक आपले राहिलेले कळप घेऊन आले. म्हणले, आमीबी भावकीच. भावकीची भावकी. कोणाला न्हाई म्हणता? दिवस कलंडला तवा बर्फाचा डबा रिकामा झाला, आन् मग डॉक्टरनं खिशातून चावी काढून सगळ्यांसमोर कुलूप काढलं. चावी फिरंना. बाईनं गोडंतेल आणून दिलं.

स्वप्नालीताईनं माईक पुढं केला. "मावशी, आज तरी बोला. कसं वाटतंय?"

बाईनं कळपाकडं बघितलं. "आता काय बोलायचं?" असं म्हणून त्या उघड्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. सोफा मोकळाच होता.

त्यांच्या कळपात एकाबी मेंढराला खुरकूत लागली न्हाई. डॉक्टरचं मात्र लई नाव झालं. 'मेंढरांचा देवमाणूस' म्हणून मुंबईच्या च्यानलनं त्यांना उचललं, आता ते तिकडल्या दुपारी बसतेत. कुलूप आमच्या स्टुडिओत काचंच्या पेटीत हाय, सोफ्याच्या उजव्या बाजूला. दवाखान्याला नवं कुलूप आलंय. चांगलं हाय, भारी कंपनीचं. त्याची चावी मुंबईला.

पुढची लस सहा महिन्यांनी टोचावी लागती. त्यातले पाच होत आले. बाईचा दोनदा फोन आला. म्हणून म्हणलं, वाचणाऱ्यांत कोणी शिकलेलं असंल, वर ओळख असंल, तर त्या वाडीला दुसरा डॉक्टर धाडायचं बगावं. तेवढ्यासाठी तर एवढं सांगत बसलो. पर मग ध्यानात आलं, वाडीचं नाव मी तुमाला सांगितलंच न्हाई. आन् एकानंबी इचारलं न्हाई. धनश्रीबाई कितींदा मेल्या, ते तुमाला पाठ हाय. सोफ्याचा रंग तर झोपेतून उठवून इचारला तरी सांगताल.

हां. जांभळा. बरोबर.